व्हिम, भाची आणि काळा पडदा

2017 साली स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने एक गमतीशीर गोष्ट जाहीर केली. ‘व्हिममधून बाहेर कसं पडायचं?’ हा तिथला एक प्रश्न तोवर दहा लाखांपेक्षा जास्त वेळा पाहिला गेला होता. व्हिम म्हणजे मजकूर लिहिण्याचं, दुरुस्त करण्याचं एक सॉफ्टवेअर. त्याला मेनू नाही, बटणं नाहीत, माउसची गरज नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. लोक त्यात चुकून शिरतात आणि मग दार सापडत नाही. एस्केप दाबून पाहतात, कंट्रोल-सी दाबून पाहतात, शेवटी वैतागून खिडकीच बंद करतात.

माझ्या आपाची मुलगी त्यांच्यापैकीच एक. तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. पहिल्या वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सच्या मशीनवर काहीतरी कमांड दिली आणि समोर हा पडदा उघडला. जे टाइप करावं ते उमटेना, मधूनच एखादी ओळ गायब होई आणि पीसी ‘पीं’ करून ओरडे. संध्याकाळी तिचा फोन आला. “मामू, वो बंदच नै हो रहा था. पूरी क्लास हंस रही थी.” मग जरा थांबून म्हणाली, “ये अपना काम नै है शायद.”

हे शेवटचं वाक्य मला लागलं. कारण ते मी फार वेळा ऐकलंय. आमच्या मोहल्ल्यात बँकेच्या इंग्रजी फॉर्मपुढे, कोर्टाच्या पायरीवर, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या रांगेत हेच वाक्य निघतं. अडचण असते एखाद्या फॉर्मची किंवा एखाद्या बटणाची. निष्कर्ष मात्र काढला जातो स्वतःबद्दल, आणि कधीकधी अख्ख्या घराबद्दल.

अडचण आणखी एक होती. तिच्याकडे लॅपटॉप होता, पण तिसऱ्या हाताचा. दोन जीबी रॅम, बॅटरी मेलेली, चार्जर लावला तरच चालणारा. वर्गातली बाकीची मुलं जे एडिटर वापरत ते तिच्या मशीनवर उघडायलाच चहा होईस्तोवर वेळ लागे. आजकालच्या बऱ्याच एडिटरांच्या पोटात एक अख्खा ब्राउझर बसवलेला असतो. दिसायला देखणे, पण खादाड. नवीन लॅपटॉप घ्यायचा तर आपाला कर्ज काढावं लागलं असतं. तिने तसं ठरवलंही होतं. मी म्हटलं, महिनाभर थांब.

रविवारी गेलो. आधी त्या लॅपटॉपवर डेबियन हे लिनक्स टाकलं, सोबत हलका डेस्कटॉप. मग टर्मिनल उघडून तिलाच टाइप करायला लावलं: सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हिम. एवढी एक ओळ. पासवर्ड मागितला, होय म्हटलं, काही एमबी उतरल्या आणि काम झालं. डेबियनवर बहुधा व्हिमची एक छाटलेली, छोटी आवृत्ती आधीच असते, ‘व्हीआय’ म्हटलं की तीच उघडते. पण शिकायचं तर पूर्ण आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यासोबत ‘व्हिमट्यूटर’ येतो. टर्मिनलमध्ये हा एक शब्द लिहिला की धड्यांची एक फाइल उघडते. वाचायचीही तीच आणि हात चालवायचीही तीच. साधारण अर्ध्या तासाचं काम. मी दुसऱ्या खोलीत आपाशी गप्पा मारत बसलो आणि ती धडे गिरवत राहिली.

ज्यांना एवढंही नको त्यांच्यासाठी ‘नॅनो’ आहे. बऱ्याच लिनक्समध्ये तो आधीपासून असतो. पडद्याच्या तळाशी कुठली कळ काय करते ते लिहिलेलं असतं; कंट्रोल-ओ म्हणजे साठवा, कंट्रोल-एक्स म्हणजे बाहेर पडा. 1999 मध्ये ख्रिस ॲलेग्रेटा यांनी तो लिहायला घेतला, कारण त्याआधीच्या ‘पिको’ या एडिटरचा परवाना पुरेसा मोकळा नव्हता. घाईत एखादी ओळ बदलायची तर मी आजही नॅनो उघडतो. पण भाचीला रोज तीनचारशे ओळींच्या फाइलींशी झुंजायचं होतं. शिवाय ज्या पडद्यावर वर्ग हसला होता तोच तिला जिंकायचा होता.

व्हिम असा विचित्र का वागतो हे कळलं की त्याची भीती निम्मी होते. 1976 साली कॅलिफोर्नियात, बर्कलेच्या विद्यापीठात, बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने ‘व्हीआय’ लिहिला. त्याआधी केन थॉम्प्सन यांचा ‘ईडी’ होता. त्यात फाइल दिसायचीच नाही, एकेक ओळ मागून घ्यावी लागे. जॉय घरी बसून फोनच्या तारेवरून काम करत आणि त्या मोडेमचा वेग होता 300 बॉड, म्हणजे सेकंदाला सुमारे तीस अक्षरं. 80 अक्षरांच्या 24 ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून जास्त वेळ! अशा ठिकाणी प्रत्येक कळ मोलाची. म्हणून कमांड एकेका अक्षराच्या. त्यांच्यापुढे जो टर्मिनल होता, एडीएम-3ए, त्याच्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण छापले होते एच, जे, के आणि एल या अक्षरांवर. म्हणून आजही व्हिममध्ये डावीकडे जायला एच, खाली जे, वर के, उजवीकडे एल. आणि एस्केपची कळ तेव्हा तिथे होती जिथे आज टॅब असतो, अगदी करंगळीखाली. आपल्याला ती कोपऱ्यात दूर वाटते याला आपल्या कीबोर्डची रचना कारणीभूत आहे.

म्हणजे हे विक्षिप्तपण कुणाच्या हुशारीची मिजास नव्हती. ती एका मंद तारेवरची काटकसर होती. हे ऐकून भाची हसली. “मतलब उनका नेट अपने से भी स्लो था!”

सगळ्यात मोठी अडचण असते ‘मोड’ची. व्हिम उघडला की आपण लिहिण्याच्या अवस्थेत नसतोच. आय दाबलं की लिहिणं सुरू, एस्केप दाबलं की लिहिणं बंद आणि प्रत्येक कळ पुन्हा हुकूम बनते. नवख्या माणसाला वाटतं, एडिटर लिहायलाच तर असतो, मग लिहिण्याची परवानगी का मागायची?

मी तिला तिच्या नानांच्या दुकानाचं उदाहरण दिलं. अब्बा टेलर होते. गिऱ्हाईकाला वाटतं, टेलर दिवसभर मशीन चालवतो. प्रत्यक्षात पायाखाली मशीन असते थोडा वेळ. बाकी वेळ माप घेणं, खडूने आखणं, कापड बेतणं, जुनी टीप उसवणं, अल्टरेशन करणं, इस्त्री मारणं. कात्री हातात असताना पाय मशीनवर नसतो. कोड लिहिणाऱ्याचंही तसंच. नवीन ओळी तो कमी लिहितो. वाचणं, शोधणं, हलवणं, खोडणं हेच जास्त. व्हिमने या जास्तीच्या कामाला मुख्य जागा दिली आणि लिहिण्याला मशीनवर बसण्याइतका वेळ दिला. तिने नानांना काम करताना पाहिलेलं होतं. तिला हे लगेच पटलं.

मग कमांडचं व्याकरण. डी म्हणजे खोड, डब्ल्यू म्हणजे शब्द. डी-डब्ल्यू म्हणजे ‘खोड शब्द’. डी-3-डब्ल्यू म्हणजे ‘खोड तीन शब्द’. डी-डी म्हणजे पूर्ण ओळ गेली. यू म्हणजे झालेलं परत फिरव. सी म्हणजे बदल. सी, आय आणि अवतरणचिन्ह असं दाबलं की अवतरणातलं सगळं पुसून आपण आत लिहायला तयार. पूर्णविराम दाबला की मघाचीच कृती पुन्हा. पाठ करायची ती मोजकी क्रियापदं आणि मोजकी नामं. त्यांच्या जोड्या आपणच लावायच्या. भाषा शिकताना जसं होतं तसं पहिले चार दिवस आठवून आठवून बोलावं लागतं, पाचव्या दिवशी बोटं बोलू लागतात.

यात एक गंमत आहे. मराठीत आपण क्रियापद शेवटी ठेवतो: ‘तीन शब्द खोड’. उर्दूतही तसंच. व्हिम मात्र इंग्रजीसारखा आधी हुकूम सोडतो आणि मग कशावर ते सांगतो. पण त्यात आपल्या वळणाचीही सोय आहे. व्ही दाबायचं, हवे तेवढे शब्द निवडायचे, ते उजळलेले दिसतात, आणि मग डी. आधी कर्म, मग क्रियापद. भाचीला हाच मार्ग सोपा वाटला आणि कितीतरी दिवस ती तसंच करत होती. नेटवर पाहिलं तर तरबेज लोक सांगतात की असं करणं म्हणजे एक कळ जास्त. मी म्हटलं, एक कळ जास्त गेली तर जाऊ दे.

आणि बाहेर पडणं? एस्केप, कोलन, क्यू. बदल साठवून निघायचं तर कोलन, डब्ल्यू, क्यू. बदल टाकून देऊन निघायचं तर कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह. डब्ल्यू म्हणजे राइट, क्यू म्हणजे क्विट. हे तिने वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं.

या सगळ्याचा खरा कस लागला पावसाळ्यात. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट सबमिट करायचं होतं आणि रात्री वीज गेली. बॅटरी नसलेला लॅपटॉप, म्हणजे बटण दाबल्यासारखा फट्कन बंद. तीन तासांचं काम होतं आणि साठवलं होतं ते जेवणाआधी. आपाने मला फोन केला तेव्हा मागे रडण्याचा आवाज येत होता.

मी एवढंच सांगितलं, वीज आली की तीच फाइल पुन्हा उघड आणि काय लिहून येतं ते नीट वाच. व्हिम मूळ फाइलीच्या शेजारी एक लपलेली फाइल ठेवतो, तिला स्वॅप फाइल म्हणतात. दर 200 अक्षरांनंतर किंवा आपण चार सेकंद थांबलो की चालू काम तो तिच्यात उतरवत राहतो, आपण न सांगता. पहाटे वीज आली. फाइल उघडताच इंग्रजीत लांबलचक इशारा आला की या नावाची स्वॅप फाइल सापडली आहे. एरवी असा मजकूर दिसला की आपण घाबरून ‘बंद करा’ दाबतो. तिने तो वाचला. त्यातला आर, म्हणजे रिकव्हर, निवडला. काम परत आलं. गेली ती शेवटची अर्धी ओळ. मग तिने फाइल साठवली आणि जुनी स्वॅप फाइल पुसून टाकली, नाहीतर तोच इशारा पुन्हा येत राहतो. फजरच्या सुमारास मला मेसेज आला, “मिल गया.” माझ्या मते व्हिम तिचा झाला तो त्या पहाटे.

आता माझी तक्रार. मी मराठीत लिहितो, आणि या काळ्या पडद्यावर मराठी अजून पाहुणीच आहे. टर्मिनल म्हणजे चौकोनांची जाळी, एका अक्षराला एक चौकोन. इंग्रजी त्यात चपखल बसते. आपलं तसं नाही. ‘स्त्री’ आपल्या डोळ्याला एक अक्षर. युनिकोडच्या हिशेबात त्या सहा खुणा आहेत: स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ ईची वेलांटी. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षर फुटतं, वेलांटी शेजाऱ्याच्या अंगावर जाते, रफार भलतीकडे लटकतो आणि कर्सर दिसतो एका जागी, असतो दुसऱ्या जागी. मजकूर आत शाबूत असतो, फक्त दिसतो मोडका. पण मोडकं दिसणारं वाचत लिहायचं म्हणजे भिंगाला तडा गेलेल्या चष्म्यातून सुई ओवायची.

दुसरी गंमत कीबोर्डची. मी इनस्क्रिप्टवर टाइप करतो. लिहून झालं, एस्केप दाबलं आणि खाली जायला जे दाबलं तर व्हिमला मिळतो ‘र’. कारण इनस्क्रिप्टमध्ये एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त बसतात. व्हिमला हुकूम कळतो इंग्रजीतला, आणि तो नुसता बसून राहतो. दर वेळी भाषा बदलत बसलं तर लिहिण्याची लय जाते. यावर एक उपाय आहे. ‘लँगमॅप’ नावाच्या सेटिंगमध्ये त्याला सांगता येतं की हुकुमाच्या अवस्थेत र आला तर जे समज, क आला तर के समज. रशियन, ग्रीक लिहिणारे लोक वर्षानुवर्षं हेच करतात. मी माझ्या सेटिंगच्या फाइलीत या चार अक्षरांपासून सुरुवात केली. आता प, र, क, तवर माझा कर्सर फिरतो.

उजवीकडून डावीकडे लिहायची सोयही आहे. ‘सेट राइटलेफ्ट’ म्हटलं की पान उलटं वाहू लागतं. अरबीसाठी वेगळी सेटिंग आहे, ती अक्षरं एकमेकांना जोडूनही दाखवते. अब्बांच्या हिशेबाच्या वहीत उर्दूत केलेल्या नोंदी होत्या, कुणाची शेरवानी, कुणाचा ॲडव्हान्स. ते पान मी पहिल्यांदा पडद्यावर उजव्या कडेपासून सुरू होताना पाहिलं तेव्हा बरं वाटलं. मराठीसाठीही कुणीतरी अशी मेहनत करायला हवी. असं काम करणारी माणसं ती भाषा रोज वापरणाऱ्यांतूनच पुढे येतात. माझ्या भाचीसारख्या मुली उद्या यात का नसाव्यात?

राहिली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नुसतं ‘व्हिम’ लिहून एंटर दाबलं, सोबत फाइलीचं नाव दिलं नाही, तर पडद्याच्या मधोमध काही ओळी येतात. आवृत्ती, लिहिणाऱ्यांची नावं आणि त्याखाली बहुतेक वेळा एक विनंती: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. भाचीने विचारलं, “ये जाहिरात है क्या?”

जाहिरात नाही. ब्रॅम मोलेनार या डच माणसाने 1988 मध्ये ॲमिगा नावाच्या कॉम्प्युटरवर व्हिम लिहायला घेतला आणि 1991 मध्ये तो लोकांना दिला. फुकट. 1994 मध्ये ते दक्षिण युगांडातल्या किबाले या गावी स्वयंसेवक म्हणून गेले, पाणी आणि स्वच्छतेच्या कामासाठी. टांझानियाच्या सीमेजवळचा, शेतकऱ्यांचा हा भाग. एड्सने तिथे आईबाप नेले आणि मुलं मागे राहिली. परत आल्यावर मोलेनार यांनी हॉलंडमध्ये त्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली आणि आपल्या सॉफ्टवेअरच्या दारावर ती विनंती लावली. वापरा, वाटा, बदला; मला काही नको; द्यायचंच असेल तर त्या मुलांना द्या. तीन दशकांहून जास्त काळ ते व्हिमवर काम करत राहिले. 3 ऑगस्ट 2023 रोजी, वयाच्या 62 व्या वर्षी, ते गेले. पुढच्या जानेवारीत 9.1 ही आवृत्ती आली ती त्यांना अर्पण करून. काम आता इतर लोक पुढे नेताहेत.

आमच्याकडे सदका-ए-जारिया म्हणतात. माणूस गेला तरी वाहत राहणारं पुण्य. लहानपणी याची उदाहरणं ठरलेली असत: कुणी विहीर खणली, कुणी झाड लावलं, कुणी चार अक्षरं शिकवली. किबाले कुठे, आमचा तालुका कुठे. पण त्या माणसाने खणलेल्या विहिरीचं पाणी आपाच्या घरात, बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर येतंय. भाची बराच वेळ त्या ओळींकडे पाहत होती. मग म्हणाली, “मामू, पैसे तो अभी नै दे सकती. सिखा सकती हूँ.”

तिने ते केलं. पहिल्या वर्षाच्या दोन मुलींना ती शनिवारी घरी बोलावते. त्यातल्या एकीकडे लॅपटॉपच नाही. ती अँड्रॉइड फोनवर टर्मक्स घेऊन, त्यात व्हिम टाकून, छोटा ब्लूटूथ कीबोर्ड जोडून शिकते. कर्जाचा विषय आपाने काढलेला नाही. डिप्लोमानंतर नोकरी मिळेल की नाही हे कुठला एडिटर ठरवत नाही, हे मलाही कळतं. पण जगातले असंख्य सर्व्हर असाच काळा पडदा दाखवतात आणि त्यांच्यासमोर बसायला महागडं मशीन लागत नाही, हे आता तिला ठाऊक आहे.

तुमच्या घरात एखादा जुना लॅपटॉप माळ्यावर पडला असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी विचार करा. दोन जीबी रॅम पुरते. लिनक्स टाकायला एक दुपार, ट्यूटरला अर्धा तास. शिकवणारं कुणी नसलं तरी चालतं, शेजारी बसणारं कुणी असलं तर बरं. आणि शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी कोलन, डब्ल्यू, क्यू लिहून द्या. मोठ्या अक्षरात, लाल शाईने.